काडीमोडीची नक्कल

६ जानेवारी

आज परभणीच्या कोर्टात जाऊन आले. सकाळी हातात घेतलेला ब्लाऊज दोनदा उसवला, शेवटी दुकानाला कुलूप लावलं आणि पिंगळीहून रिक्षानं निघाले.

काम तसं साधं आहे. मला माझ्या फारकतीच्या हुकुमाची नक्कल पाहिजे. एकोणीस वर्षांची असताना माझी नवऱ्यापासून, आश्रुबापासून, कोर्टातून फारकत झाली. धावपळ सगळी माझ्या भावानं, दत्तादादानं, केली. मी फक्त एकदा वकिलाकडं जाऊन सह्या केल्या होत्या. आता रामकिशनशी नोंदणी करून लग्न करायचं, तर पहिल्या लग्नाचं काय झालं त्याचा कागद मागतात.

रामकिशन पूर्णेला रेल्वेत आहेत, रुळावर काम करणाऱ्या गँगमध्ये. बायको वारलेली, मुलगी सासरी. देवळात हार घालून भागलं असतं, पण तेच म्हणाले, "माझ्या नोकरीच्या कागदावर तुमचं नाव लागलं पाहिजे. उद्या रुळावर मला काही झालं तर तुमी कुणाच्या दारात उभं राहू नये." हे ऐकून आनंद व्हायला पाहिजे होता. मला आधी भीतीच वाटली.

नकलेच्या खिडकीवरच्या बाबूंनी केस नंबर विचारला. माहीत नाही म्हटलं. साल सांगितलं, दोन हजार सहा. "बाई, नुसत्या सालावर काय हुडकणार? जुनी तारखेची चिठ्ठी, वकिलाचं नाव, काहीतरी आणा." चूक त्यांची नाही. माझ्याच फारकतीचं मला काही सांगता येईना.

७ जानेवारी

दादाला विचारलं. तो म्हशीला पेंड कालवत होता. मान वर न करता म्हणाला, "कागद कुठले? त्या वकिलाच्या ऑफिसाला आग लागली व्हती, त्यात गेलं सगळं."

वकिलाचं नाव विचारलं तर आठवेना म्हणाला. मायच्या हातातून परातीतलं पीठ सांडलं. तिला हल्ली दिसत नाही नीट.

१० जानेवारी

दादा स्वतःहून बोलला. "राजे, कशाला जुनं उकरायलीस? देवळात लगीन करा, मी जेवणं घालतो सगळ्या गावाला."

मी म्हटलं, कोर्टात मूळ कागद असणारच की, आग तर वकिलाकडं लागली होती. तर म्हणाला, कोर्टातले जुने कागद वाळवीनं खाल्ले, त्याला कुणीतरी सांगितलंय. बिचारा. माझ्यासाठी चौकशी केलेली दिसते, आणि बोलला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. वाणाला आलेल्या बायकांत मायनं मला पुढं बसू दिलं नाही. "तुझं आजून काय ठरलं न्हाई," म्हणाली. फारकत झालेली मी तशीही मागंच बसते, पण 'आजून' हा शब्द डोक्यातून जाईना.

१७ जानेवारी

निकिता वकील काळा कोट सैल करायला घेऊन आल्या. लग्नानंतर अंग भरलंय म्हणून हसत होत्या. शिलाई उसवता उसवता मी सगळं सांगितलं. म्हणाल्या, "राजेश्रीताई, नंबर नसला तरी रजिस्टरात नावावरून शोध घेता येतो. शोधाचा अर्ज मी लिहून देते. साल बरोबर आहे ना?"

साल बरोबर आहे. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं, त्यावरून लक्षात आहे. घरात पाहुणे, मांडव, आणि मला सांगितलेलं की पोरीकडचे लोक असेपर्यंत मागच्या खोलीतच राहा. दादाच्या सासरी नको ते विषय नकोत म्हणून. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

२१ जानेवारी

सापडलं! माझं नाव, आश्रुबाचं नाव, नंबर, सगळं. बाबूंनी रजिस्टर उलटं करून दाखवलं नाही, पण बोट ठेवून म्हणाले, "प्रकरण निकाली आहे. जून दोन हजार सात."

निकाली! म्हणजे निकाल लागलेला आहे. मी तिथूनच रामकिशनला फोन केला. मला वाटलं, आता म्हणतील तारीख धरू. तर म्हणाले, "बरं झालं. नक्कल हातात येऊ द्या, मग बघू." एवढंच. पुढं गाडीचा आवाज आला आणि फोन ठेवला. या माणसाला आनंद होतो तरी कशानं?

निकिताताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "निकाली म्हणजे संपलेलं. कसं संपलं ते बघावं लागेल. रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल मागा." वकील लोकांना सरळ बोलताच येत नाही.

दादाला सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठला. पोट बिघडलंय म्हणाला.

४ फेब्रुवारी

नक्कल मिळाली. एक पान. शिक्का, सही. मी ती कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली वाचली.

"अर्जदार व तिचे वकील पुकारूनही गैरहजर. अर्ज काढून टाकण्यात आला."

परत आत गेले. बाबूंना म्हटलं, यात हुकूम कुठाय? ते म्हणाले, "हुकूम झालाच न्हाई बाई. तुमी आल्याच न्हाईत, म्हणून काढून टाकलं. बाकीची फाईल मुदत संपल्यावर नष्ट झालेली हाय. ह्या नोंदीशिवाय काही न्हाई."

मी आलेच नाही. मला या म्हणून कुणी सांगितलं होतं?

रिक्षात कसं बसले, कुठं उतरले, आठवत नाही. म्हणजे मी अजून आश्रुबाची बायको आहे.

५ फेब्रुवारी

दादासमोर कागद ठेवला. त्यानं वाचला नाही. त्याला माहीतच होतं.

"कोर्टात का गेला नाहीस? मला तर सांगितलंस, सोडवलं म्हणून."

"सोडवलंच की. पंचांनी सोडवलं. येडबामामाच्या वट्यावर बैठक बसली, दोन्हीकडची माणसं व्हती. आश्रुबा बी व्हता. काडी मोडली, इषय संपला. आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. मग कोर्टाच्या चकरा कशाला?"

"कधी बसली बैठक?"

"चैतात."

"तुझ्या लग्नाच्या आधी."

मायच म्हणाली, "पोरीवाले म्हणले, घरात कोर्टाची भानगड नको. तवा काय करावं, सांग."

मी त्याच घरात होते. मागच्या खोलीत. माझी काडी मोडली आणि मला बोलावलंसुद्धा नाही. ओरडावंसं वाटत होतं, पण दादा शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीशी उभा होता आणि माझ्या तोंडून फक्त एवढंच निघालं, "वाळवी म्हणाला होतास."

९ फेब्रुवारी

पूर्णेला गेले. रामकिशनला फोनवर सांगवेना. स्टेशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर सांगितलं. नक्कल त्यांनी दोनदा वाचली.

"म्हणजे कागदावर तुमी अजून त्यांच्याच?"

"हो."

"त्यांना म्हाईत हाय का?"

हा विचार माझ्या मनातच आला नव्हता. आश्रुबानं पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं, एवढं ऐकून होते. त्याला पोरंही असतील.

निघताना रामकिशन म्हणाले, "मी थांबतो. पण लय लांबवू नका. माझी बहीण रोज नवी स्थळं सांगायलीय." हे हसण्यासाठी म्हणाले की कसं, कळेना. परतीच्या गाडीत खिडकीशी बसूनही बाहेर काय गेलं ते दिसलं नाही.

१२ फेब्रुवारी

निकिताताईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, मी आणि आश्रुबा दोघांनी मिळून संमतीनं फारकतीचा अर्ज करायचा. इतकी वर्षं वेगळं राहिलेलं म्हणून लवकर होईल. दुसरी, काडीमोड झाली तेव्हाच, आमच्या चालीनुसार, लग्न मोडलं असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं. त्याला साक्षी लागतील, पंच लागेल, वेळ लागेल, आणि कोर्ट मानेलच असं नाही.

मी पहिली सांगून मोकळी झाले. लांब वाट कोण धरतं?

२३ फेब्रुवारी

आश्रुबाला भेटले. मेंढरं एका गहू काढलेल्या रानात खतासाठी बसवली होती. माझ्याबरोबर दादा आला. मी बोलावलं नव्हतं, मोटरसायकल काढून दारात उभा राहिला, मी बसले.

आश्रुबाचे केस पांढरे झालेत. मला पाहून त्यानं फेटा नीट केला. एके काळी या माणसाची मला भीती वाटायची की राग यायचा, तेच आठवेना. त्याच्या मेंढरांमागं फिरताना माझं पोट पडलं होतं आणि डॉक्टरकडं कुणी नेलं नाही. तेवढं आठवतं. तेव्हा तोही वीस-बावीसचाच होता, बापासमोर तोंड न उघडणारा. बरी झाल्यावर मी माहेरी आले ती आलेच.

कागद दाखवल्यावर म्हणाला, "सांगा कुठं सही करायची. माझी अडचण न्हाई."

त्याची बायको कस्तुराबाई चुलीशी होती. ती उठून आली, हात पदराला पुसले आणि मलाच विचारलं, "अक्का, तुमची फारकत आज झाली, तर माझं लगीन कवाचं?"

आश्रुबा कागदाची घडी घालू लागला.

"मी तवापासनं बायको हाय का तुमच्या फारकतीपासनं? माझी दोन लेकरं, ती कुणाची धरायची? थोरलीला पाहुणे बघायलेत."

आश्रुबा तिच्यावर ओरडला, कागदाचं बायकांना काय कळतं म्हणून. मला वाटलं, इथं कागदाचं फक्त तिलाच कळलंय.

३ मार्च

निकिताताई म्हणाल्या, लेकरांना कायदा वाऱ्यावर सोडत नाही, पण कस्तुराबाईचा प्रश्न बरोबर आहे. आज फारकत घेतली तर तिचं लग्न झालं तेव्हा मी बायको होते, असं मीच लिहून देते. बायको म्हणून तिचा हक्क तिथंच तुटतो.

"तुमच्यापुरतं बघाल तर संमतीचा अर्ज सोपा," त्या म्हणाल्या. "निर्णय तुमचा."

माझ्यापुरतं बघायला काय हरकत आहे? माझ्यापुरतं कधी कुणी बघितलं? कस्तुराबाई माझी कोण लागते?

५ मार्च

दोन गिऱ्हाइकांची मापं एकमेकींच्या ब्लाऊजला लावली. कापड वाया गेलं.

८ मार्च

रामकिशनला सांगितलं, मी दुसरी वाट धरणार. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "दुसऱ्याच्या बायकोपायी आपलं लगीन पुढं ढकलायचं? तुमाला लगीन करायचंय का न्हाई, ते एकदा सांगून टाका."

मी म्हटलं, "करायचंय. पण ते तिच्या डोक्यावर पाय देऊन नाही."

फोन बंद झाला. तो त्यांनी ठेवला की मी, आता आठवत नाही.

१६ मार्च

फोन नाही. मीही केला नाही. माय म्हणते, "चांगला माणूस घालवलास." दादा मात्र आज येडबामामाकडं जाऊन आला, साक्षीसाठी. न सांगता.

४ एप्रिल

दावा दाखल झाला. माझ्या सहीसाठी निकिताताईंनी कागद पुढं केला तेव्हा मी आधी पूर्ण वाचला. त्यांना घाई होती, तरी वाचला. आश्रुबानं आपलं म्हणणं लिहून दिलं की काडीमोड झाली हे खरं आहे.

बाहेर आले तर रामकिशन फाटकाशी उभे. तारीख त्यांना दादानं कळवली होती. "रात्रपाळी करून आलो," म्हणाले. डोळे लाल. "त्या बाईचा इचार केला मी. माझ्या पोरीच्या बाबतीत कुणी असं केलं असतं तर... जाऊ द्या. चला, काहीतरी खाऊ."

बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली होती.

२० मे

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. लग्नसराईचे ब्लाऊज शिवते आहे. नवऱ्या मुली येतात, गळ्याचे नमुने मोबाईलवर दाखवतात. मशीन थांबली की डोकं चालू होतं. कोर्टानं मानलं नाही तर? रामकिशन कंटाळले तर? येडबामामाचं वय झालंय, त्याला परवा ताप येऊन गेला. त्याच्या तापाची मला जितकी काळजी वाटली, तितकी त्याच्या सुनेलाही वाटली नसेल. याची लाज वाटते.

२४ जून

आज साक्षी झाल्या. हे लिहायलाच पाहिजे.

आधी येडबामामा. जजसाहेबांनी विचारलं, काडी मोडली म्हणजे नेमकं काय केलं? मामा म्हणाला, "तुराटीची काडी साहेब. दोन्हीकडच्या कारभाऱ्यांनी टोकं धरली, म्या मधी मोडली. मोडली म्हंजी सोयरीक तुटली. मंग दोघंबी दुसरं घर करायला मोकळे. माझ्या बापानं अशाच मोडल्या, आज्यानं बी."

मग दादा. त्याला विचारलं, बहिणीला हे सांगितलं होतं का? मला वाटलं तो हो म्हणेल. त्यानं कठडा धरला आणि म्हणाला, "न्हाई. तिला म्या सांगितलं की कोर्टातून सुटका झाली. माझं लगीन ठरलं व्हतं. म्या खोटं बोललो." इतक्या लोकांसमोर. मी त्याच्याकडं पाहू शकले नाही.

मग मी. साहेबांनी वर पाहून शांतपणे विचारलं, "बैठकीला तुम्ही हजर नव्हता. मग या काडीमोडीला तुमची संमती होती, असं कसं म्हणता?"

हा प्रश्न येणार हे निकिताताईंनी सांगून ठेवलं होतं. उत्तरही दोघींनी मिळून तयार केलं होतं. ते पार विसरले. मी म्हणाले,

"मला कुणी विचारलं नाही, साहेब. विचारायला पाहिजे होतं. पण त्यांनी मोडायच्या आधीच मी ते घर सोडलेलं होतं. माझ्या पायानं चालत आले होते. आणि त्याच्या आधीच्या वर्षी याच कोर्टात फारकतीचा अर्ज कुणी केला होता, ते तुमच्या रजिस्टरात लिहिलंय. अर्जदार म्हणून माझं नाव आहे. मला परत जायचं नव्हतं. तेव्हाही नव्हतं, त्यानंतर एक दिवसही नव्हतं. पंचांनी फक्त काडी मोडली."

साहेबांनी लिहून घेतलं. टाईप करणाऱ्या बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. खाली उतरताना पायरी चुकली, दादानं हात दिला. मी धरला.

१९ ऑगस्ट

तारीख पडली.

३० सप्टेंबर

परत तारीख. चिडचिड कुणावर काढू? आज मायवर काढली. मग तिच्या केसांना तेल लावलं. तेल लावता लावता ती म्हणाली, "मला वाटलं व्हतं, तुला कळायचंच न्हाई कवा." मी विचारलं, म्हणजे किती दिवस? ती म्हणाली, "मी मरूस्तोवर." आणि दोघी हसलो. हसावं असं त्यात काही नव्हतं.

१२ नोव्हेंबर

निकाल लागला. लग्न काडीमोडीच्या दिवसापासूनच संपलेलं आहे, असं कोर्टानं मानलं. निकिताताईंनी दारातूनच खूण केली. रामकिशननी टोपी काढली, परत घातली. आश्रुबानं सगळ्यांना लांबूनच हात जोडले आणि मेंढरं पोराच्या भरवशावर आहेत म्हणून निघून गेला.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नकलेच्या खिडकीकडं गेले आणि अर्ज दिला. बाबू म्हणाले, "किती प्रती?" मी म्हटलं, दोन.

२३ नोव्हेंबर

दुसरी प्रत द्यायला गेलो, मी आणि रामकिशन. हल्ली मेंढरं पूर्णेच्या अलीकडंच बसलीत. आश्रुबा रानात होता, कस्तुराबाई एकटीच. तिनं कागद हातात घेतला, उलटासुलटा केला.

"ह्यात माझं नाव हाय का?"

"नाही."

"मंग?"

मी तिला ती ओळ वाचून दाखवली. मग सोपं करून सांगितलं, "तुझं लग्न लागलं तेव्हा मी कुणाची बायको नव्हते. असं कोर्टानं लिहिलंय."

ती खाली बसली. बराच वेळ कागदावरच्या शिक्क्यावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "सासू जिती व्हती तवर भांडणात म्हणायची, पहिली आजून सुटलेली न्हाई, कवाबी यील, नीट ऱ्हा. मला वाटायचं, भ्या दावायलीय. आता कळलं, कोर्टात सुटका झाली न्हाई हे तिला म्हाईत व्हतं."

मी त्या घरातून कधीच निघाले, असं समजत होते. आणि माझं नाव घेऊन कुणी हिला इतकी वर्षं धाक दाखवत होतं. "मी येणार नव्हते गं," एवढंच म्हणाले.

"ते आता कळलं की, अक्का," ती म्हणाली आणि डोळे पुसून उठली. "जेवल्याबिगर जायचं न्हाई."

रामकिशन नको नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. पीठ मळता मळता त्यांच्याकडं एकदा बघून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "लगीन कवा?"

"नोटीस लावलीय. महिन्याभरानं."

"आन् पातळ कोणत्या रंगाचं घेतलं?"

मी गावभरच्या नवऱ्या मुलींचे ब्लाऊज शिवते. वर्षभर या लग्नाच्या कागदांमागं पळाले. पातळाचा विचारच केला नव्हता. तसं सांगितलं तर कस्तुराबाई भाकरी तव्यावर टाकायची थांबली आणि माझ्या अंगाला कोणता रंग शोभेल ते मान तिरकी करून बघू लागली.